दहा-बारा हजारांचा क्लॅरिनेट: नळी ठेवा, तोंड बदला

ऑनलाइन दुकानांत हा क्लॅरिनेट बऱ्याच नावांनी दिसतो, पेटीवरचं लेबल तेवढं बदलतं. काळं एबीएस प्लास्टिक, १७ की, बोएम पद्धत (की आणि भोकं मांडायची एक रीत), बी-फ्लॅट स्वर. किंमत साधारण दहा-बारा हजार. पेटीत पाच तुकडे असतात: माउथपीस (तोंडात धरायचा), बॅरल (त्याखालचा आखूड), वरचा जॉइंट, खालचा जॉइंट आणि बेल (टोकाचा पसरट). सोबत दहा रीडची डबी (रीड म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी), ती माउथपीसला आवळायचं लिगेचर, टोपी, ग्रीसची कांडी, पुसायचं फडकं, एक चिमुकला स्क्रूड्रायव्हर आणि पांढरे हातमोजे. हातमोजे मुलांना शाळेच्या संचलनाला द्यावेत. क्लॅरिनेटची भोकं उघड्या बोटांनीच बंद होतात.

निकाल आधीच सांगून टाकतो. नळी आणि कीजचं काम किमतीच्या मानाने चांगलं आहे, माउथपीस वाईट आहे, रीड त्याहून वाईट, आणि फडकं तर सरळ धोक्याचं. घरी रियाजाच्या वेळी जो तमाशा होतो त्यातला मोठा वाटा या तीन वस्तूंचा असतो. बोल मात्र वाजवणाऱ्याला बसतात.

प्लास्टिक म्हणून नाक मुरडू नये. यामाहाचा विद्यार्थ्यांसाठीचा वायसीएल-२५५ सुद्धा एबीएसचाच आहे. चांगला लाकडी क्लॅरिनेट आफ्रिकन ब्लॅकवुडचा असतो. त्याला ओल आणि कोरडेपणा यांतली उलथापालथ सोसत नाही, तडा जातो. बडोद्यात मे महिन्यात बाहेर चाळिशीपार, आत एसी, आणि जूनच्या अखेरीस भिंतींना ओल, हे चक्र नवशिक्याने प्लास्टिकवरच काढावं. यामाहाशी तुलना करता फरक जाणवतो तो कीजच्या धातूत. इथला धातू मऊ आहे, जोरात दाबलं की वाकतो. म्हणून जोडणी नीट शिकून घ्यावी लागते, त्याबद्दल पुढे.

लग्नाच्या बँडमधल्या ओळखीच्या वादकाकडून जुना क्लॅरिनेट स्वस्तात घ्यायचा मोह असेल तर आधी पद्धत तपासा. आपल्याकडच्या बँडमध्ये मेरठच्या जली कोठी भागातली वाद्यं भरपूर चालतात आणि त्यांत जुन्या, अल्बर्ट पद्धतीचे क्लॅरिनेट बरेच. वाद्य म्हणून त्यात काही कमी नाही, पण बोटं वेगळी पडतात आणि इंटरनेटवरचे जवळपास सगळे धडे बोएमचे असतात. ओळख सोपी आहे: बोएमच्या वरच्या जॉइंटला उजव्या बाजूने चार लांब कीज ओळीने येतात.

सा कुठे धरायचा

माहितीपत्रकात हे नसतं आणि पहिल्या आठवड्यात हार्मोनियमवाल्याशी वाद होतो तो याच्यावरून. बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर क्लॅरिनेटच्या पुस्तकातला सी वाजवला की हार्मोनियमची काळी पाच वाजते. पांढरी एक हवी असेल तर पुस्तकातला डी धरायचा. दोघंही बरोबर असतात आणि दोघंही एकमेकांना बेसूर म्हणतात.

हिंदुस्थानी संगीत वाजवायचं असेल तर सुरुवातीला सा पांढरी चारचा घ्यावा. डाव्या हाताचा अंगठा आणि दोन्ही हातांची तीन-तीन बोटं बंद केली की सा. उजवी अनामिका उचलली की रे. उजव्या हाताचं फक्त मधलं बोट ठेवलं की शुद्ध ग, त्याऐवजी फक्त तर्जनी ठेवली की कोमल ग. उजवा हात पूर्ण मोकळा केला की म. मग डावी अनामिका उचलून प, मधलं बोट उचलून ध. अंगठाही काढून एकटी डावी तर्जनी राहिली की शुद्ध नी, आणि सगळं उघडं म्हणजे तार सा. एक सप्तक सरळ हाताखाली येतं. बोएमच्या भोकांभोवती नुसत्या कड्या असतात, भोक बोटानेच बंद होतं, त्यामुळे बोट हळूहळू सरकवून मींडही निघते.

खरी गंमत तार सानंतर. बासरीत जोरात फुंकलं की तीच बोटं ठेवून वरचं सप्तक मिळतं. क्लॅरिनेटमध्ये अंगठ्याजवळची रजिस्टर की दाबली की सप्तक आणि वर पंचम, म्हणजे बारावा सूर मिळतो. नळी आतून जवळपास सरळ आणि रीडच्या टोकाला बंद, त्यामुळे तिच्यात मुख्यतः विषम उपस्वर बोलतात. दुसरा गाळून एकदम तिसऱ्यावर उडी जाते. मधल्या सुरांची सोय वरच्या जॉइंटच्या टोकाच्या कीजवर केलेली असते. पांढरी चारच्या सावर तार रे एका कीवर, तार कोमल ग दोन कीजवर निघतो, आणि तार शुद्ध ग साठी एकदम रजिस्टर की, सहा बोटं आणि करंगळी, सगळं खाली. एकही बोट केसभर वर राहिलं की सूर चिरकतो.

आता आपल्याकडे पहिला राग म्हणून बहुतेक ठिकाणी भूप. त्यात सा रे ग, आणि नेमकी हीच उडी तार रे आणि तार ग यांच्या मध्ये. आठवडाभर मध्य सप्तकात गोड चाललेला भूप तार ग ला पोचताच किंचाळतो, आणि घरातला प्रत्येक जण त्याच क्षणी काहीतरी काम आठवून उठतो. उपाय असा: पुढचा एक महिना भूप तार सापर्यंतच वाजवावा आणि ही उडी वेगळी, रागाबाहेर, सावकाश घोटावी. तार रे वर असतानाच उजव्या हाताची तिन्ही बोटं आणि करंगळी आधी खाली ठेवून बघा. सूर फारसा हलत नाही आणि पुढच्या उडीचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. मुरलेले वादकही तसंच करतात.

माउथपीस आणि रीड

संचातलं माउथपीस तपासायला एक मिनिट पुरतं. रीड ओली करून लिगेचरने बसवा. माउथपीसचं मागचं टोक तळहाताने घट्ट बंद करा, पुढून हवा पूर्ण ओढून घ्या आणि तोंड बाजूला करा. रीड माउथपीसला चिकटून दोन-तीन सेकंद राहिली पाहिजे आणि मग 'टप्' असा आवाज करून सुटली पाहिजे. ती चिकटतच नसेल तर एक तर रीड वाकडी आहे किंवा माउथपीसचं टेबल, म्हणजे रीड टेकते तो सपाट भाग, सपाट नाही. दोन-तीन वेगळ्या रीड लावूनही तेच झालं तर दोष माउथपीसचा. या संचांत तो वरचेवर निघतो. कडा विषम घासलेल्या असतात, एका बाजूने हवा निसटते, आणि कितीही नीट फुंका, रीड मधूनच वरच्या उपस्वरावर उडते. सहा महिने रियाज करूनही सूर का बसत नाही याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

बदली म्हणून यामाहाचं ४सी घ्यावं. नवशिक्यांसाठी तेच पुरेसं आहे, टोकाचं उघडणं मध्यम आहे आणि फार जोर लावावा लागत नाही. व्हॅन्डोरेनचं बी४५ सगळे सुचवतात, पण ते जास्त उघडं आहे, ओठ तयार झाल्यावर घ्यावं. नवं माउथपीस घेताना त्यावर, वरचे दात टेकतात तिथे, चिकटवायची रबरी पट्टीही घ्या. तिच्यामुळे दातांना झिणझिण्या येत नाहीत आणि माउथपीस किती आत घ्यायचं याची खूणही होते.

रीडची गोष्ट वेगळी. संचातल्या डबीवर २½ छापलेलं असतं, आत एक मऊ, एक पाटीसारखी कडक, एक टोकाला नागमोडी. रिकोची नारिंगी डबी २ नंबरची घेऊन सुरुवात करावी, दोन-तीन महिन्यांनी २½. व्हॅन्डोरेनच्या निळ्या डबीतली रीड त्याच नंबरला साधारण अर्ध्या नंबराने कडक लागते, म्हणून आकडा बघून तशीच उचलू नये. कडक रीडवर नवशिका गाल फुगवून, मान आखडून फुंकतो आणि बाहेर नुसती हवा येते. घरच्यांना वाटतं कुकरचं रबर गेलं.

बसवताना रीडचं टोक माउथपीसच्या टोकाशी समपातळीत, वरून बघितलं तर माउथपीसची काळी कडा जेमतेम एका केसाएवढी दिसावी. रीड खाली सरकली तर आवाज फुसका आणि चिरका, वर सरकली तर फुंकायलाच जड. डावी-उजवी बाजू सारखी हवी. नेहमीच्या लिगेचरचे दोन्ही स्क्रू रीडच्या बाजूला खाली येतात आणि त्यांची डोकी वाजवणाऱ्याच्या उजवीकडे. माउथपीसवर कोरलेल्या रेषेच्या आत लिगेचर ठेवायचं. खालचा स्क्रू बेताचा घट्ट, वरचा नुसता टेकलेला. दोन्ही आवळून टाकले तर रीड थरथरायलाच विसरते. लिगेचर आधी चढवून मग वरून रीड सरकवावी. उलट केलं तर रीडचं टोक लिगेचरच्या कडेला लागून तुटतं. नव्या डबीतल्या पहिल्या दोन रीड बहुतेक जण अशाच घालवतात.

वाजवण्यापूर्वी रीड एक-दोन मिनिटं पाण्यात किंवा तोंडात भिजवावी. पाण्यात ठेवायची तर वाटी मोरीजवळ किंवा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवू नका. भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या लेखी ती आइस्क्रीमची काडी असते आणि त्यांचं काहीच चुकत नाही. रियाज झाला की रीड काढून, पुसून, सपाट काचेवर किंवा रीडच्या डबीत वाळवावी. माउथपीसवरच ठेवली तर टोक वाळताना लाटांसारखं होतं, पावसाळ्यात वर बुरशीचे ठिपके येतात. चार रीड आळीपाळीने वापराव्यात. एकच रोज वाजवली तर दोन आठवड्यांत तिचा जीव जातो. घरात हा सगळा सोहळा जमणार नसेल तर लेजेर या कॅनडातल्या कंपनीची प्लास्टिकची रीड आहे. महाग आहे, पण भिजवायला लागत नाही आणि मावशींनी टाकून दिली तरी फेकलेल्या जागी ओळखू येते.

चिरकणं: कारण शोधायचं कसं

रीड आणि माउथपीस चांगले असूनही सूर चिरकत असेल तर घाईने पुन्हा रीड बदलू नका. एक सूर धरून बघा. डाव्या हाताच्या तीन बोटांचा म स्वच्छ येतो का? येत असेल तर तोंड आणि रीड ठीक. मग उजव्या हाताचं एकेक बोट खाली घ्या. ज्या बोटाला चिरकलं, तिथे भोक पूर्ण बंद नाही. बोटाचं टोक नाही, पेराचा मऊ भाग भोकावर टेकला पाहिजे. वाजवून झाल्यावर बोटांवर गोल वळ उमटतात ते बघा: वळ अर्धाच असेल तर बोट तेवढंच सरकवायचं.

दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे वरच्या जॉइंटच्या उजव्या बाजूच्या त्या चार लांब कीज. उजव्या तर्जनीचं मूळ नकळत त्यांना टेकतं, एक की किंचित उघडते आणि सूर वर उडतो. वाजवणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण त्याचं लक्ष भोकांवर असतं. उजवा अंगठा थंबरेस्टखाली (वाद्य पेलायच्या मागच्या आधाराखाली) फार आत गेला की हात वळतो आणि हे होतं. अंगठ्याचं नख थंबरेस्टखाली दिसेल एवढंच आत घ्यावं. डाव्या हाताच्या तळव्याकडूनही असंच होतं, तार रे ची की दबते.

तिसरं कारण चावणं. सूर वर चढवायच्या नादात खालचा ओठ दातांनी दाबला जातो आणि रीड बंद होते. उलट माउथपीस फार आत घेतलं तर रीडवर ताबाच राहत नाही. रीड आणि माउथपीस जिथे एकमेकांपासून सुटायला लागतात तिथे खालचा ओठ असावा. ती जागा दिसायला मध्ये एक कागद सरकवा. तो जिथे अडतो तिथे पेन्सिलीने खूण करा.

झोपाळ्यावर बसून वाजवू नये. बडोद्यातल्या मराठी घरांत दिवाणखान्यात झोपाळा असतोच आणि बसायला तीच जागा सगळ्यांत हवेशीर, म्हणून हे सांगावं लागतं. बेल गुडघ्याला किंवा झोपाळ्याच्या कठड्याला लागली की माउथपीस सरळ टाळ्यात जातं. पाठ न टेकता खुर्चीवर बसावं, बेल गुडघ्यांच्या मधोमध थोडी पुढे. पंख्याच्या थेट खाली बसलं तर पात्यांवरून परतणारा आवाज थरथरतो आणि आपल्याला कंप येतोय अशी उगीच शंका येते. कागद उडतात ते वेगळंच.

जोडणी, पेटी, ग्रीस

नव्या वाद्याचे कॉर्क जाड असतात. कोरडे ढकलले तर सोलून निघतात. ग्रीस बोटाने पातळ लावा, सगळीकडे. ग्रीसची कांडी लिपस्टिकसारखी असते आणि थंडीत घरातलं कुणीतरी ती ओठांना लावतं. अपाय नाही, चव वाईट. उलट ओठांचं साधं मलम कॉर्कला अडीअडचणीला चालतं.

जोडणीत एकच जागा नाजूक आहे. वरचा आणि खालचा जॉइंट जोडताना त्यांच्या मध्ये एक छोटी ब्रिज की एकमेकींवर येते. वरच्या जॉइंटवरची कडी दाबून धरली की तिकडची ब्रिज उचलली जाते. तशी धरूनच फिरवत जोडायचं. न धरता जोडलं तर मऊ धातू वाकतो आणि मग काही सूर कायमचे हट्टी होतात. बॅरल आणि बेल मात्र बिनधास्त जोडा. फक्त जोडलेला क्लॅरिनेट बॅरलला किंवा बेलला धरून उचलू नका. कॉर्क दबलेला असेल तर हातात बेल राहते आणि बाकीचं कोटा स्टोनच्या फरशीवर. प्लास्टिक वाचतं, कीज वाचत नाहीत.

पेटीची रचना चांगली, आत मखमली खण. पण वर-खाली ओळखू यावं अशी खूण बाहेर नाही, दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. उलटी उघडली की पाचही तुकडे एकदम मांडीवर किंवा जमिनीवर. पहिल्याच दिवशी वरच्या बाजूला एक स्टिकर चिकटवा.

फडकं

संचातल्या फडक्याला एकाच टोकाला दोरी आणि वजन आहे, कापड जाड आहे. अडकतं ते कुठे? वरच्या जॉइंटच्या आत रजिस्टर कीची बारीक नळी भिंतीतून आत डोकावते. तिथे वाद्याची पोकळी आधीच जेमतेम दीड सेंटीमीटरची. जाड, गोळा झालेलं फडकं तिथे घट्ट बसतं. मग घरातले सगळे सल्ले देतात: विणकामाची सुई, पेन्सिल, व्हॅक्युम क्लीनर. यातलं काहीही करू नका. पुढून ढकललं की गोळा आणखी घट्ट होतो आणि ती नळी वाकते. फडकं ज्या बाजूने आत गेलं त्याच बाजूने, मागे, हलक्या झटक्यांनी ओढायचं. म्हणून मागेही दोरी हवी. संचातलं फडकं बाजूला ठेवा, पातळ रेशमी किंवा मऊ सुती कापड घ्या, दोन्ही टोकांना दोरी बांधा. जुन्या मऊ साडीचा तुकडा उत्तम. कापड सपाट पसरून, वजन बेलच्या बाजूने सोडून, बॅरलच्या बाजूने सावकाश ओढायचं. माउथपीस आधी काढून ठेवायचं. ते वेगळं, कोमट पाण्याने धुवावं. उकळतं पाणी नको.

हे दर वेळी केलं नाही तर पुढचा प्रकार सुरू होतो. सूर धरला की आत गुळगुळ आवाज येतो, कारण बाष्पाचं पाणी एखाद्या भोकात साचलेलं असतं, बहुधा वरच्या जॉइंटच्या बाजूच्या छोट्या कीखाली. ती की उघडून भोकावर जोरात फुंकर मारा आणि पॅडखाली, म्हणजे कीच्या खालच्या छोट्या गादीखाली, सिगारेटचा पातळ कागद ठेवून हलकेच दाबा. तीन-चारदा कोरडी बाजू बदलत. हा कागद पानाच्या गल्ल्यावर, म्हणजे टपरीवर, मिळतो. मुलाला आणायला पाठवलं तर गल्लेवाला आधी घरी फोन करेल हे गृहीत धरा. टाल्कम पावडर घालू नका, पॅडवर लगदा होतो.

पॅड चिकटून 'चिक्' असा आवाज करत असतील तर कारण बहुतेक वेळा खाण्यात असतं. पॅडवर माशाच्या पडद्यासारखी पातळ त्वचा असते, तिच्यावर साखर आणि तेल बसलं की ती चिकटते. आमरस, थंड पेय किंवा सेव उसळीनंतर लगेच वाजवू नये. सेवेचा एक कण पॅडखाली गेला की ती की पूर्ण बंदच होत नाही आणि मग खालचे सगळे सूर एकदम गायब होतात. खळखळून चूळ भरा, दहा मिनिटं थांबा.

शेजारी

बेलमध्ये कापड किंवा मोजा कोंबून आवाज कमी होत नाही. क्लॅरिनेटचा आवाज बहुतेक सुरांना उघड्या भोकांतून बाहेर येतो, बेलमधून खरे येतात ते फक्त सगळी भोकं बंद असतानाचे सूर: सगळ्यात खालचा आणि त्याच बोटांचा तार ग. मोजा कोंबला तर तेवढे बिघडतात, चिरकणं तसंच राहतं. संचासोबत 'म्यूट' म्हणून फोमचा गोळा सुचवला जातो, तो घेऊ नका. उपाय जुनाच: कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून वाजवा, गाद्यांच्या गंजीसमोर वाजवा. गच्चीवर आवाज मोकळा सुटतो आणि आपल्यालाच ऐकू येत नाही म्हणून आणखी जोरात फुंकलं जातं.

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा या भागांत एक वेगळी अडचण आहे. सुरसागर तलावाच्या काठावर सयाजीरावांनी १८८६ साली गायनशाळा काढली, तेव्हापासून या गावात कान तयार असलेली माणसं गल्लोगल्ली. शेजारचे काका आवाजाबद्दल तक्रार करत नाहीत, ते खिडकीतून ग उतरलाय असं सांगतात. आणि बहुतेक वेळा तो उतरलेलाच असतो. एसीच्या खोलीत वाद्य गार असतं, सूर खाली राहतो. पाच-दहा मिनिटं लांब सूर फुंकून नळी गरम करा, मग ट्यून करा. तरी खाली असेल तर बॅरल पूर्ण आत आहे का बघा. चढत असेल तर बॅरल एक मिलिमीटर बाहेर ओढा. बॅरल ओढला की तार साच्या आसपासचे सूर खालच्या सुरांपेक्षा जास्त उतरतात, म्हणून ट्यूनिंग एकाच सुरावर करून थांबू नका, खालचा सा आणि तार सा दोन्ही तंबोऱ्याला लावून बघा.

तार सप्तकाचा चिरका रियाज हवा तेवढा करायला वर्षात एक दिवस आहे: उत्तरायण, म्हणजे संक्रांत. गच्चीगच्चीवर पिपूड्या वाजत असतात, त्यात तुमचा तार ग कुणाला वेगळा ऐकू येत नाही.

दुरुस्ती आणि परत पाठवणं

कीजच्या दांड्यांचे स्क्रू रियाजाने सैल होतात. महिन्यातून एकदा संचातल्या स्क्रूड्रायव्हरने तपासा, बाहेर आलेला स्क्रू पातळीत येईपर्यंत फिरवा, त्यापुढे नाही. सुईसारखी स्प्रिंग तुटली आणि की लोंबली तर त्या कीला नळीभोवती पातळ रबरबँड लावून कार्यक्रम निभावता येतो, वाद्य दुरुस्तीला जाईपर्यंत.

पाचपैकी गुण द्यायचे तर नळी आणि कीज साडेतीन, पेटी तीन, माउथपीस एक, रीड अर्धा, फडकं शून्य. माउथपीस आणि रीडचा खर्च धरून बजेट करा. तो धरूनही यामाहाच्या नव्या वाद्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

पार्सल आलं की रीड, लिगेचर काही न लावता आधी जॉइंट तपासा. वरच्या जॉइंटची सगळी भोकं बोटांनी आणि खालचं टोक तळहाताने बंद करून वरून हवा ओढा. आत पोकळी धरली गेली पाहिजे. हवा सतत येत राहिली तर एखादं पॅड बसत नाही. खालच्या जॉइंटला तेच, सगळ्यात खालच्या सुराची करंगळीची की दाबून. सगळ्या कीज हाताने उघडून सोडा, प्रत्येक झटकन परत बसली पाहिजे. जॉइंट एकमेकांत हलतात का बघा. गळती निघाली तर पेटीतल्या पिशव्या पुन्हा जशाच्या तशा भरून परत पाठवा. माउथपीसला ओठ लागले की स्वच्छतेचं कारण सांगून नकार मिळू शकतो, म्हणून ते तोवर प्लास्टिकमधून काढूच नका.